नाव झाका, मग ऐका

‘ग्राफ ऐकू येत नसतो, आवाज ऐकू येतो.’ हेडफोनची समीक्षा करणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटतं की त्यावर कुणी प्रतिप्रश्न करत नाही. मला तो करायचा आहे. कारण या वाक्याच्या आडून जो धंदा चालतो, त्याची किंमत परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेडची पोरं मोजतायत.

समीक्षकांची भाषा एकदा नीट ऐका. आवाज ‘उबदार’ आहे, ट्रेबल ‘रेशमी’ आहे, बास ‘मखमली’ आहे, गायक ‘समोर उभा राहिल्यासारखा’ वाटतो. ही विशेषणं आवाजाची आहेत की शेरवानीच्या कापडाची, असा प्रश्न पडावा. वीस मिनिटांच्या व्हिडिओत हेडफोनचा रंग कळतो, खोक्यात काय काय निघालं ते कळतं, सवलतीची लिंक कळते. तो हेडफोन माणसाचा आवाज जसाच्या तसा पोहोचवतो की नाही, तेवढं मात्र कळत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘हे ऐकूनच कळतं. ज्याचे कान तयार असतील त्यालाच कळतं.’ म्हणजे तुम्हाला फरक कळला नाही, तर दोष वस्तूचा नाही, तुमच्या कानाचा.

हा बचाव चलाख आहे. गिऱ्हाईक गप्प बसतं, कारण आपले कान ‘तयार’ नाहीत हे चारचौघांत कबूल करायला कुणाला आवडतं?

कुणाचे पैसे, कुणाचे कान

महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तीन हजारांचा हेडफोन म्हणजे जवळपास दहा दिवसांची मजुरी. पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक मोठ्या दुकानात जाऊन चार हेडफोन कानाला लावून बघतं. आपल्याकडे स्टेशन रोडवरच्या दुकानात खोकं फोडलं की ते विकत घ्यावंच लागतं, नाहीतर मोबाइलवर बटण दाबून मागवायचं. म्हणजे आपल्या माणसाला आधी ऐकायला मिळतच नाही. त्याच्या हातात दुसऱ्याचं मत असतं आणि खोक्यावरचे आकडे असतात. मत विकाऊ असू शकतं. आकड्यांचं काय?

खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’. माणसाचा निरोगी तरुण कान साधारण एवढंच ऐकतो, म्हणून हा आकडा बघून बरं वाटतं. पण या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने खाली-वर होतो हे सोबत लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. परभणी ते पूर्णा रस्ता आहे, एवढं सांगितल्यावर खड्डे किती ते कळतं का? ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर ४० मिलिमीटरपेक्षा चांगलाच असतो असंही नाही. पडदा किती मोठा यापेक्षा तो कसा घडवला, कसा बसवला, हे महत्त्वाचं. सोनेरी ‘हाय-रेस’ शिक्क्यासाठी उपकरणाने ४० किलोहर्ट्झपर्यंत जावं लागतं. तिथवर वटवाघळाचा कान पोहोचतो. चाळिशीतल्या माणसाला पंधरा-सोळा किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येणंही अवघड. बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो तो विजेच्या सुरक्षेचा. आवाज कसा आहे, याची हमी तो देत नाही.

म्हणजे खोक्यावर आकडे आहेत, पण मोजमाप नाही. या दोन गोष्टींत फरक आहे.

तो फरक मानवत, सेलूच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कापूस घेऊन तो बाजारात जातो. व्यापारी बोंड चिमटीत धरतो, नाक मुरडतो, ‘ओल आहे’ म्हणतो आणि भाव पाडतो. व्यापाऱ्याची बोटं ‘तयार’ असतात, चाळीस वर्षांचा अनुभव असतो. तरी शेतकरी म्हणतो, मीटर लावा. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते. हा नियम आहे म्हणून शेतकऱ्याला भांडता तरी येतं. त्या मीटरवरूनही वाद होतात, पण तो वाद आकड्यावर होतो, मर्जीवर नाही. ज्याच्याकडे वजन नाही, त्याला वजनकाटा लागतो. मोजमापाची टिंगल करणारी माणसं बहुतेक वेळा काट्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेली असतात.

कान खोटं बोलत नाही, पण तो एकटा नसतो

कान हा खोटा साक्षीदार आहे, असं मला म्हणायचं नाही. अडचण अशी की तो एकटा साक्ष द्यायला येत नाही. सोबत डोळे येतात, खोक्यावरची किंमत येते, कंपनीचं नाव येतं, आणि पैसे टाकलेत म्हणजे चांगलंच असणार ही आशा येते. सगळे मिळून कानाच्या कानात कुजबुजतात.

१९९४ मध्ये अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो हेडफोनवर नव्हता, स्पीकरवर होता. हार्मन कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना त्यांनी काही स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा समोर ठेवून. पडदा असताना दिलेले गुण आणि पडदा उठल्यावर दिलेले गुण जुळेनात. मोठे, भारदस्त दिसणारे स्पीकर दिसताच गुण वाढले. लहान, स्वस्त, प्लास्टिकचा संच पडद्याआड चांगला ठरला होता, तो दिसल्याबरोबर खाली आला. स्पीकर तेच, गाणं तेच, कानही तेच होते. बदललं होतं एवढंच, की काय ऐकतोय हे आता ठाऊक होतं.

२०१७ मध्ये जेरोन ब्रेबार्ट या डच संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं आणि बाजारभाव शेजारी शेजारी ठेवले. किंमत वाढते तशी ध्वनीची घडण सुधारते का, एवढाच प्रश्न होता. तसा काही संबंध आढळला नाही. महागड्या हेडफोनात धातू चांगला असेल, गादी मऊ असेल, तो जास्त टिकत असेल. पण तो ‘खरा’ ऐकू येईलच, याची खात्री किंमत देत नाही.

आता आपल्या घरातला दाखला घेऊ. परभणीत आकाशवाणीचं केंद्र आहे. मराठवाड्यातल्या कित्येक घरांनी अभंग, कव्वाली, शेतीचा सल्ला हे सगळं आकाशवाणीवरच ऐकलं. या आकाशवाणीत गायक-वादकांची पारख कशी व्हायची? १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटायचं. ते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झालं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. मुसलमान उस्तादांच्या हाती गेल्यामुळे हिंदुस्तानी संगीताची आध्यात्मिकता हरवली, असंही त्यांचं मत होतं. ते मत मला मुळीच मान्य नाही. पण त्यांच्याच काळात आकाशवाणीत स्वरचाचणीची जी पद्धत रुजली, तिच्यात परीक्षकांपुढे गायक बसत नसे. फक्त आवाज पोहोचायचा. नाव, चेहरा, घराणं, धर्म, सगळं भिंतीपलीकडे. अनेक बुजुर्ग कलावंतांना ही परीक्षा अपमानाची वाटली, आणि हयात गाण्यात घालवलेल्या माणसाला परीक्षेला बसवणं हे वाईटच होतं. तरीही त्या भिंतीचं मोल मुसलमान वाचकाला वेगळं सांगायला नको.

भाड्याचं घर बघायला जाताना फोनवर आडनाव सांगितलं की पलीकडचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. खोली तीच असते, भाडं तेच असतं. नाव आधी आणि निवाडा नंतर, हा क्रम असला की निवाडा नावाचा होतो, माणसाचा नाही. जो समाज या क्रमाचा मार रोज खातो, त्याने निदान स्वतः निवाडा करताना तरी हा क्रम उलटा करायला नको का? कंपनीचं नाव बघून वस्तूला मोठी म्हणणं आणि माणसाचं नाव बघून त्याला छोटा म्हणणं या दोन सवयींच्या परिणामात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण दोन्हींचं मूळ एकच : ऐकण्याआधीच ठरवून टाकणं.

माप आलं कुठून?

आता ग्राफविषयी. बरेच जण समजतात, ग्राफ म्हणजे यंत्राचं मत आणि कान म्हणजे माणसाचं मत. या भांडणाची मांडणीच चुकीची आहे.

हेडफोन मोजतात तो असा : माणसाच्या कानासारखी पोकळी असलेला एक कृत्रिम कान असतो, त्यात मायक्रोफोन बसवलेला असतो. हेडफोन त्यावर चढवायचा, खर्जापासून तारापर्यंत एक सूर सरकत न्यायचा, आणि कोणत्या ठिकाणी आवाज किती डेसिबल भरला ते टिपायचं. त्याची रेघ म्हणजे ग्राफ. आडव्या अंगाला कंपनसंख्या, उभ्या अंगाला आवाजाची पातळी. आणि ही रेघ सरळ असून चालत नाही. आपल्या कानाची पाळी आणि कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच मोठा करते; बाहेरचं जग आपण आयुष्यभर तसंच ऐकतो. म्हणून चांगल्या हेडफोनच्या रेघेलाही तिथे उंचवटा लागतो.

तो उंचवटा किती असावा, खर्जाला किती भर द्यावी, हे कुणी ठरवलं? यंत्राने नव्हे. २०१३ पासून शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी शिकलेल्या आणि साध्या, दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांना बसवून, नाव-किंमत लपवून, हे ऐकण्याचे प्रयोग केले. हेडफोन डोक्याला लागताच ओळखू येतो, म्हणून त्यांनी एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांचा मोजलेला स्वभाव ऐकवला. बहुतेकांना जे आवडलं त्याची सरासरी रेघ आज ‘हार्मन टार्गेट’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे ज्या ग्राफला ‘कान नाहीत’ म्हणून हिणवलं जातं, तो ग्राफ शेकडो कानांची साक्ष आहे. फक्त ती साक्ष देताना कुणाला नाव सांगितलेलं नव्हतं.

आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी घडलंय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती नेमक्या कुठे लागतात, हे त्यांना आकड्यांत मांडायचं होतं. त्यासाठी त्यांनी कुणाचा गळा मोजला? उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. किराणा घराण्याचे खाँसाहेब, जे पुढे मिरजेचेच झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले. देवलांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशासोबत त्यांनी त्या मोजमापावर बेतलेला श्रुती हार्मोनियमही घडवून आणला. मोजपट्टी ब्राह्मण अधिकाऱ्याने आखली, पण तिच्यावरच्या खुणा एका मुसलमान गवयाच्या गळ्याने उमटवल्या. माप आणि कान यांना एकमेकांचे वैरी म्हणणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावं.

गोष्ट तिथे संपली नाही, आणि हेही सांगायला हवं. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा या श्रुती हार्मोनियमवर वाद झाला. भातखंड्यांना ती मांडणी मान्य नव्हती. एका मोठ्या गवयाचा गळा मोजला म्हणजे सगळ्या संगीताचं माप हाती आलं, असं होत नाही, ही शंका रास्त होती. पण त्या शंकेमुळे मोजणं निरर्थक ठरलं नाही. अजून गळे, अजून कान तपासायला हवेत, एवढंच ठरलं. माप चुकलं तर चूक दाखवता येते, हाच मापाचा मोठेपणा. ‘मखमली बास’ चुकला, हे कुणी कसं सिद्ध करणार?

ग्राफवाल्यांनाही दोन शब्द

दुसऱ्या टोकालाही एक जमात तयार झाली आहे. यांनी हेडफोन कानाला लावलेला नसतो, ग्राफ बघितलेला असतो. रेघ टार्गेटपासून दोन डेसिबल हलली की वस्तू ‘कचरा’. हे लोक मोजमापाचा मान राखत नाहीत, त्याची पूजा करतात. पूजेला प्रश्न चालत नाहीत, मोजमापाला चालतात.

कृत्रिम कानावरचं माप ८ किलोहर्ट्झच्या वर डळमळीत होतं. हेडफोन जरा सरकवला तरी रेघ बदलते. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. हेडफोन नीट चिकटून बसला नाही तर खर्ज गळून जातो. चष्म्याच्या काडीने फट पडते, आणि आपल्या मुली स्कार्फवरून हेडफोन लावतात तेव्हा ग्राफवरचा बास त्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. परभणीचा मे महिना, डोक्यावर तापलेले पत्रे, आणि कानावर रेक्झिनच्या गाद्या : दहा मिनिटांत घाम निथळतो. ही गोष्ट कुठल्या ग्राफमध्ये आहे? तिथे कानाची, डोक्याची, घामाची साक्ष लागतेच.

मिरजेच्या तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांकडे बघावं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडेकशे वर्षांपूर्वी ही कला हाती घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा कानसतो, तारेखाली दोरा सरकवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा कानसतो. हातात मीटर नसतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीचा अभ्यास मांडला. तारेविषयीचा युरोपातला प्रस्थापित नियम सांगत होता की तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या स्वरांशाची गती शून्य असते, तो स्वरांश आवाजात उमटू नये. तंबोऱ्यात तो उमटतो, आणि जोरदार उमटतो, असं रामन यांनी दाखवलं. कारण तार त्या पसरट, गोलाईच्या घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते. कारागिराच्या कानाला जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यामागचं कारण मोजणीने सांगितलं. कान पुढे होता, माप मागून आलं, आणि दोघांचीही लाज राहिली.

पण हेही ध्यानात घ्या की तो कारागीर ‘मखमली’ म्हणून मोकळा होत नाही. त्याची पारख गवयाच्या हाती लगेच तपासली जाते. तंबोरा बोलला नाही तर गवई परत आणून देतो. व्हिडिओवाल्या समीक्षकाकडे काय परत करणार?

आपल्याला काय ऐकायचंय?

समीक्षांचा आणखी एक अपराध आहे. त्या गृहीत धरतात की सगळं जग दणदणीत बास असलेली गाणीच ऐकतं. आपल्याकडचा माणूस हेडफोनवर काय ऐकतो? स्पर्धा परीक्षेची लेक्चरं, कीर्तनं, बयान, फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या उरुसातल्या कव्वालीचं रेकॉर्डिंग, आखातात गेलेल्या भावाचा फोन. कित्येक मुलं-मुली हेडफोन लावून तज्वीद शिकतात. ‘सीन’, ‘स्वाद’ आणि ‘से’ यांतला फरक कळला नाही तर त्या शिकण्याला अर्थ उरत नाही. ‘स’सारख्या घर्षक वर्णांची खूण ४००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३४०० हर्ट्झला संपायचा, म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत व्हायची आणि नाव सांगताना ‘सफरचंदातला स’ म्हणावं लागायचं. आज बासच्या नावाखाली खर्ज दहा-दहा डेसिबल फुगवलेले हेडफोन विकले जातात. फुगलेला खर्ज वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतो. शिकणाऱ्या मुलीला वाटतं, आपल्यालाच उच्चार पकडता येत नाही.

इथे ग्राफ चैनीची गोष्ट राहत नाही. २०० हर्ट्झच्या खाली किती फुगवटा आहे आणि २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये खड्डा आहे का, एवढं दोन मिनिटांत दिसतं. हजार रुपयांची वस्तू घेणाऱ्याला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे.

आणि हा प्रश्न फक्त आवडीचा नाही, कानाच्या आयुष्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. एसटीच्या इंजिनाचा आवाज दाबायला आपण आवाज किती वाढवतो, हे कान सांगू शकत नाही. उलट कानाला त्याची सवय होते, आणि सवय झाली की तो अजून मागतो. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला विचारा. आपलं ऐकणं कमी झालंय हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं, घरच्यांना आधी कळतं. जो कान स्वतःचीच झीज ओळखू शकत नाही, त्याला एकट्याला न्यायाधीश कसं करायचं?

हीच गोष्ट घराबाहेरच्या आवाजालाही लागू आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. त्यात मशिदीचा भोंगा, मिरवणुकीतला डीजे, लग्नाची वरात असा भेद नाही. भेद करतात ते आपले कान. दुसऱ्याचा आवाज गोंगाट आणि आपला आवाज श्रद्धा, हे सगळ्यांच्याच कानांना वाटतं. मीटर लावायचाच तर तो सगळीकडे लावा, ही मागणी आपण बेधडक केली पाहिजे. आणि ती करताना ईद-ए-मिलादच्या जुलूसमधला डीजेही त्याच मीटरखाली उभा केला पाहिजे. एकाच दारात मोजणारा मीटर हा मीटर नसतो, बहाणा असतो.

मग करायचं काय?

समीक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात. वस्तू फुकट आली की विकत घेतली, ते सांगावं. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी जाहिरातदाराशी असलेला संबंध उघड करणं बंधनकारक केलेलंच आहे. मोजमाप दाखवावं, स्वतःचं नसेल तर दुसऱ्याने खुलेपणाने केलेलं दाखवावं. आणि दोन वस्तूंची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. एक वस्तू डेसिबलभर मोठी वाजली तरी कान तिलाच ‘जास्त स्पष्ट’ म्हणतो. ही फसगत इतकी जुनी आहे की तिच्यावर दुकानं उभी आहेत.

दुकानदारांनी प्रत्येक किमतीतला एक हेडफोन ऐकण्यासाठी बाहेर ठेवावा, नावावर चिकटपट्टी लावून, किंमत न सांगता. गिऱ्हाईकाने त्यावर स्वतःच्या ओळखीचं बोलणं, ओळखीचा गळा ऐकावा. मग चिकटपट्टी काढावी. धंदा बुडणार नाही. उलट पाचशेची चांगली वस्तू पाच हजारांच्या वाईट वस्तूला हरवताना बघायला गर्दी होईल.

आणि कुणी छातीठोक सांगत असेल की महागड्या वायरने आवाज ‘उघडतो’, तर त्याच्याशी वाद घालू नका. पलीकडच्या खोलीत एकाला बसवा. नाणेफेक करून वायर बदलायची किंवा बदलायची नाही, असं दहा वेळा करा. ऐकणाऱ्याने दहापैकी पाच-सहा वेळा बरोबर ओळखलं, तर तो अंदाजपंचे आहे. नऊ किंवा दहा वेळा ओळखलं, तर त्याचं ऐका. नुसत्या नशिबाने तेवढं जमण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे. त्याने ओळखलं तर मी मान तुकवेन. नाही ओळखलं, तर त्याने आमच्या कानांना नावं ठेवणं बंद करावं.

खोक्यावरचा दावा सरळ खोटा निघाला, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि जिल्ह्यात ग्राहक आयोग आहे. पण तिथे उभं राहिल्यावर ‘मला मजा आली नाही’ चालत नाही. तिथेही मोजलेलंच लागतं.

जाणकारी ही काही मूठभरांची जहागीर नाही. ज्याला खरोखर ऐकू येतं, त्याला नाव झाकायची भीती वाटत नाही. ज्याची वस्तू खरोखर चांगली आहे, त्याला मीटरची भीती वाटत नाही. भीती वाटते ती ज्याचा सगळा व्यापार नावावर चालतो त्याला. त्याला वाटू द्या. आपण आधी नाव झाकू, मग ऐकू, मग मोजू, आणि निवाडा त्यानंतर करू. वस्तूचाही, आणि जमलं तर माणसाचाही.